‘केस जरा प्रोफेशनल करून या’: अमेरिकेतल्या कार्यालयात कृष्णवर्णीय स्त्रीच्या केसांवरून आलेली तक्रार कशी हाताळायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीचं एचआर पुण्यातून चालतं, कर्मचारी न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये आहेत. न्यू जर्सीतल्या एका कृष्णवर्णीय सहकारी बाईंनी केसांच्या बारीक वेण्या घातल्या, ज्यांना तिथे बॉक्स ब्रेड्स म्हणतात. क्लायंटबरोबरच्या बैठकीच्या आदल्या दिवशी व्यवस्थापक त्यांना म्हणाला, ‘उद्या केस जरा प्रोफेशनल करून या.’ बाईंनी ईमेलवर हरकत घेतली. नियमावलीत ‘केस नीटनेटके आणि व्यावसायिक असावेत’ असं वाक्य आहे आणि व्यवस्थापक त्याचाच आधार घेतोय. अशा वेळी काय करायचं आणि नियमावलीत काय बदलायचं?

आधी आजचं काम. बाई बैठकीला जातील, आणि आहेत त्याच केसांनी जातील. ‘वाद नको म्हणून या वेळी दुसऱ्या कोणाला पाठवू’ हा विचार साळसूद वाटतो, पण केसांवरून काम काढून घेतल्याचा पुरावा त्यातूनच तयार होतो. दुसरं, व्यवस्थापकाशी आजच बोला. त्याने बाईंकडे हा विषय पुन्हा काढायचा नाही, माफीसाठीही नाही. टीममध्ये त्याची चर्चा करायची नाही. आणि या संदर्भातला एकही मेसेज पुसायचा नाही. तिसरं, बाईंच्या ईमेलला कामाच्या एका दिवसात उत्तर जायला हवं. त्यात एवढंच लिहा: ‘तुमची तक्रार मिळाली. तुम्ही केशरचना बदलावी अशी कंपनीची अपेक्षा नाही. उद्याची बैठक ठरल्याप्रमाणे तुम्हीच कराल. तक्रारीची चौकशी अमुक व्यक्ती करील आणि अमुक तारखेपर्यंत तुम्हाला निष्कर्ष कळवील. तक्रार केल्यामुळे तुम्हाला कोणी त्रास देतंय असं वाटलं तर थेट मला कळवा.’ ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर दिलगीर आहोत’ हे वाक्य टाळा. त्यामुळे दोष बोलणाऱ्याकडून ऐकणारीच्या मनाकडे सरकतो, आणि अशी तक्रार करणारी प्रत्येक बाई हे वाक्य आधी कुठे तरी ऐकून आलेली असते.

आता कायद्याकडे वळू, कारण व्यवस्थापक ज्या वाक्याचा आधार घेतोय ते न्यू जर्सीत टिकणारं नाही. तिथल्या भेदभावविरोधी कायद्यात 19 डिसेंबर 2019 रोजी दुरुस्ती झाली. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, 19 डिसेंबर 2018 ला, त्याच राज्यात एका कृष्णवर्णीय शाळकरी कुस्तीगिराला पंचाने ‘केस काप, नाही तर सामना सोड’ असं सांगितलं होतं, आणि मॅटशेजारीच त्याचे लॉक्स, म्हणजे केस गुंफून कायमच्या घट्ट केलेल्या बटा, कापले गेले होते. दुरुस्तीने ‘वंश’ या शब्दाच्या व्याख्येत वंशाशी ऐतिहासिक संबंध असलेली लक्षणं घातली. केसांचा पोत, केसांचा प्रकार आणि केसांचं रक्षण करणाऱ्या रचना, म्हणजे ब्रेड्स, लॉक्स, ट्विस्ट (दोन बटा एकमेकींभोवती पिळून केलेली रचना) वगैरे, आता त्या व्याख्येत येतात. अशा कायद्यांना अमेरिकेत ‘क्राउन ॲक्ट’ म्हणतात. पहिला कॅलिफोर्नियाने 3 जुलै 2019 ला केला, काही दिवसांतच न्यूयॉर्कने केला. आज पंचवीसहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. टेक्सासचा 1 सप्टेंबर 2023 पासून लागू झाला, त्यामुळे तुमची दोन्ही कार्यालयं अशा कायद्यांखाली येतात. निर्णय पुण्यात होतो म्हणून यातून सुटका नाही. काम अमेरिकेत चालतं, म्हणून कायदाही तिथलाच लागतो.

संपूर्ण देशासाठी असा कायदा मात्र अजून नाही. प्रतिनिधिगृहाने असं विधेयक 2020 मध्ये आणि पुन्हा मार्च 2022 मध्ये मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडलं. ज्या राज्यांत स्वतःचा कायदा नाही, तिथे 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण हाच मुख्य आधार उरतो, आणि केसांच्या बाबतीत न्यायालयांनी त्याचा अर्थ फार आखडून लावला आहे.

ते कसं झालं हे माहीत असेल तर नियमावलीत नेमकं काय टाळायचं ते कळतं. 1976 मध्ये सातव्या सर्किटच्या, म्हणजे देशाच्या एका विभागाच्या, संघीय अपील न्यायालयासमोर एका विमा संस्थेतल्या बाईंचं, जेन्किन्स यांचं प्रकरण आलं. ‘अफ्रो ठेवून तुम्ही कंपनीचं प्रतिनिधित्व करू शकणार नाही’ असं त्यांना सांगितलं गेल्याचा आरोप होता. न्यायालयाने ही तक्रार वंशभेदाची मानली. पाच वर्षांनी, 1981 मध्ये, न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयासमोर रेने रॉजर्स यांचा खटला आला. त्या अमेरिकन एअरलाइन्समध्ये होत्या आणि कॉर्नरो घालत, म्हणजे टाळूला घट्ट धरून ओळीने जाणाऱ्या बारीक वेण्या. कंपनीने सुचवलं की कामाच्या वेळी केसांचा अंबाडा बांधून त्यावर कृत्रिम केसांचा तुकडा लावा. त्याने डोकं भयंकर दुखतं, असं त्यांनी सांगितलं. न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. तर्क असा, की अफ्रो म्हणजे जसे उगवतात तसे केस, ते बदलता येत नाहीत; वेणी मात्र माणूस स्वतः घालतो, म्हणून ती वंशाचं लक्षण नव्हे.

हाच तर्क पस्तीस वर्षांनी अकराव्या सर्किटने पुन्हा वापरला. अलाबामातल्या मोबिल शहरात 2010 मध्ये चॅस्टिटी जोन्स यांना एका कंपनीने नोकरी देऊ केली. काम फोनवरून ग्राहकांशी बोलण्याचं होतं, समोरासमोर कोणी भेटणार नव्हतं. त्यांचे लॉक्स पाहून एचआर व्यवस्थापक म्हणाली, की असे केस पुढे विस्कटतात, तुमचे तसे आहेत असं नाही, पण मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळतंय. लॉक्स कापायला जोन्स यांनी नकार दिला आणि नोकरीचा प्रस्ताव मागे घेतला गेला. समान रोजगार संधी आयोगाने, म्हणजे ईईओसीने, त्यांच्या बाजूने खटला भरला, तो 2016 मध्ये अपिलात हरला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्या कंपनीच्या नियमावलीत होतं काय? केशरचनेतून व्यावसायिक प्रतिमा दिसावी आणि अतिरेकी केशरचना चालणार नाहीत. तुमच्या वाक्याशी ताडून पाहा, वाक्य जवळपास तेच आहे.

‘वेणी ही निवड आहे’ हा तर्क कागदावर बरोबर दिसतो, पण तो केसांच्या अज्ञानावर उभा आहे. आफ्रिकी वंशाच्या अनेक लोकांच्या केसांचं मूळच त्वचेत वळलेलं असतं आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो. त्यामुळे केस घट्ट वेटोळी घेत वाढतो. टाळूतून सुटणारं तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज ओघळतं, वेटोळ्यांवरून ते पोचत नाही. म्हणून केस कोरडा राहतो आणि प्रत्येक वळणावर तुटायला एक जागा तयार होते. रोज धुवून, रोज विंचरून हे केस टिकत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ ते आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी धुवायला सांगतात. मोकळे ठेवले तर ते एकमेकांत अडकतात, गुंता सोडवताना तुटतात. ब्रेड्स, ट्विस्ट, लॉक्स हा त्यावरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे. केस भागांत वाटायचे, गुंफायचे आणि काही आठवडे हात लावायचा नाही. बॉक्स ब्रेड्स घालायला चार ते आठ तास लागतात, बारीक असतील तर त्याहून जास्त. खर्च शेकडो डॉलरमध्ये जातो आणि त्या साधारण सहा ते आठ आठवडे ठेवतात. लॉक्स तर वर्षानुवर्षं वाढवलेले असतात. ते उलगडणं अतिशय जिकिरीचं, म्हणून बहुतेकदा काढायचे म्हणजे कापायचेच. ‘उद्या केस जरा वेगळे करून या’ हे वाक्य म्हणूनच इतकं क्रूर ठरतं. बोलणाऱ्याच्या मनात पाच मिनिटांचा कंगवा असतो, ऐकणारीसमोर रात्रभराचं काम, शेकडो डॉलरचं नुकसान किंवा कात्री असते.

‘मग सरळ करून का घेत नाहीत?’ हेही विचारलं जातं, म्हणून त्याचं उत्तर तपशीलवार. दोन वाटा आहेत. एक उष्णतेची. तापलेल्या इस्त्रीने केस सरळ होतात, पण घाम, पाऊस, दमट हवा लागली की परत वळतात, आणि वारंवार केलं तर केसाचं नैसर्गिक वळणच कायमचं बिघडतं. दुसरी रसायनाची. रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्कली असतो. तो केसातले गंधकाचे बंध तोडतो. मिनिटं चुकली तर टाळू भाजते. नवीन केस उगवतात ते कुरळेच, म्हणून दर काही आठवड्यांनी मुळांशी पुन्हा तेच. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 33,497 स्त्रियांच्या पाहणीतून निष्कर्ष मांडला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के असावं असा अंदाज निघाला. वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये ते 4.05 टक्के. ही फक्त सांगड आहे; रसायनांमुळेच कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण कंपनीच्या नियमावलीतलं एक विशेषण माणसाला याच वाटेवर ढकलत असेल, तर ते वाक्य लिहिणाऱ्याला हे आकडे माहीत असलेच पाहिजेत.

इथे मराठी माणसासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे लॉक्स पाहिले की डोक्यात ‘जट’ येते. महाराष्ट्रात जटेला फार दुःखद इतिहास आहे. केसांची निगा राखली न गेल्याने गुंता घट्ट होतो, त्याला देवीचा संकेत मानलं जातं, कापायला घरचे घाबरतात, आणि कित्येक मुली त्यापायी देवाला सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या आजही गावोगाव समजूत घालून जटा सोडवतात, ते काम मोलाचं आहे. पण ती नजर घेऊन न्यू जर्सीच्या सहकारी बाईंकडे पाहू नका. लॉक्स ठरवून, टाळूवर चौकोन पाडून, एकसारख्या जाडीचे सुरू केलेले असतात. ते नियमित धुतले जातात आणि साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी मुळांशी पुन्हा वळले जातात. पुण्यातून व्हिडिओवर मुलाखती घेणाऱ्या टीमला ही गोष्ट प्रशिक्षणात स्पष्ट शब्दांत सांगा. ‘अस्वच्छ’ हा शेरा अनेकदा याच गैरसमजातून येतो, आणि शेरा लिहिणाऱ्याला आपण वंशावरून काही लिहिलं असं वाटतही नाही.

आता नियमावली. माझं ठाम मत असं, की ‘व्यावसायिक’, ‘नीटनेटके’, ‘शोभेल असे’, ‘अतिरेकी नसलेले’ ही सगळी विशेषणं केसांच्या बाबतीत पूर्ण काढून टाकावीत. त्यांच्या पुढे ‘मात्र ब्रेड्स, लॉक्स चालतील’ असं शेपूट जोडून भागत नाही. विशेषण ठेवलं की निर्णय पाहणाऱ्याच्या डोळ्यावर जातो, आणि त्या डोळ्याला सरळ केसांचीच सवय असते. ड्यूक विद्यापीठाच्या ॲशली रोझेट आणि मिशिगन स्टेटच्या क्रिस्टी कोव्हल यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे दिसतं. लोकांना उमेदवारांचे फोटो आणि माहिती दाखवली. नैसर्गिक केस असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया कमी व्यावसायिक आणि कमी सक्षम वाटल्या आणि मुलाखतीसाठी त्यांची शिफारस कमी झाली. कन्सल्टिंगसारख्या, पेहरावाबद्दल कडक असणाऱ्या क्षेत्रात हा फरक दिसला. जाहिरात क्षेत्रासाठी विचारलं तेव्हा दिसला नाही. म्हणजे फरक केसात नव्हता, ‘इथे काय शोभतं’ या कल्पनेत होता. डव्ह आणि लिंक्डइन यांच्या 2023 च्या पाहणीत सुमारे 66 टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांनी मुलाखतीसाठी केस बदलत असल्याचं सांगितलं. ही पाहणी केसांची उत्पादनं विकणाऱ्या कंपनीची आहे हे लक्षात घेऊनच ती वाचावी, तरी प्रयोगातून निघालेल्या चित्राशी ती जुळते.

विशेषणाच्या जागी कामाची गरज लिहा आणि ती गरज कोणत्या कामाला आहे तेही लिहा. कार्यालयीन कामासाठी एवढंच पुरेसं आहे: ‘केस स्वच्छ असावेत. केसांचा पोत, लांबी, घनता आणि रचना ही कर्मचाऱ्याची बाब आहे; अफ्रो, ब्रेड्स, लॉक्स, ट्विस्ट, बँटू नॉट (केस गुंडाळून डोक्यावर घातलेल्या लहान गाठी) यांसह.’ लांबी आणि घनता हे दोन शब्द मुद्दाम घाला. टेक्सासच्या कायद्यात पोत आणि संरक्षक रचना आहे, लांबीचा उल्लेख नाही. नेमकं तेच तिथल्या मॉन्ट बेल्व्हू गावच्या डॅरिल जॉर्ज या विद्यार्थ्याच्या प्रकरणात नडलं. त्याचे लॉक्स डोक्यावर बांधलेले होते, पण सोडले तर नियमापेक्षा लांब होतात म्हणून शाळेने त्याला महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधीशांनी शाळेचा लांबीचा नियम कायद्यात बसतो असं ठरवलं. शाळेला जी पळवाट मिळाली ती तुम्ही वापरण्याचं कारण नाही. दोन राज्यांसाठी दोन मजकूर करू नका. न्यू जर्सीचा जास्त संरक्षण देणारा मजकूरच टेक्सासलाही लावा. घनतेचं कारण असं, की ‘केस डोक्यापासून इतक्या इंचांपेक्षा वर नसावेत’ हा नियम वरकरणी सगळ्यांना सारखा असतो, पण तो लागू होतो फक्त अफ्रोवाल्यांना.

सुरक्षिततेचे नियम वेगळे, तिथे तडजोड नको. पण तिथेही रचनेवर बंदी घालायची नसते, धोका काय ते लिहायचं असतं. फिरत्या यंत्राजवळ: ‘केस बांधून, टोपीत किंवा कपड्यात पूर्ण अडकवलेले असावेत, एकही मोकळं टोक लोंबता कामा नये.’ हा नियम पोनीटेललाही लागतो. अन्नाच्या कामात केसांवर आवरण हवं, तर मोठ्या मापाच्या जाळ्या मागवा. छोट्या जाळीतून ब्रेड्स बाहेर येतात, मग दोष बाईंवर जातो. हेल्मेटच्या बाबतीत चूक नेहमी एकाच ठिकाणी होते: आतला पट्टा डोक्यावर सपाट बसायला हवा, अंबाडा किंवा जाड ब्रेड्सचा गठ्ठा वर असेल तर हेल्मेट तरंगतं. केस मानेवर खाली बांधले आणि मोठ्या मापाचा पट्टा बसवला की प्रश्न सुटतो. कॉर्नरो तर हेल्मेटखाली मोकळ्या केसांपेक्षा चांगले बसतात. घट्ट बसणाऱ्या श्वसन मास्कची फिट चाचणी वर्षातून एकदा लागतेच. वरचा पट्टा केसांवरून घसरत असेल तर त्या रचनेसह चाचणी घ्या, आणि जमलंच नाही तर पंख्याने हवा देणारा सैल हूड द्या. कॉल सेंटरमध्ये डोक्यावरून जाणाऱ्या हेडसेटऐवजी मानेमागून किंवा कानावर बसणारा ठेवा. ओळखपत्राच्या फोटोत आणि चेहरा ओळखणाऱ्या हजेरी यंत्रात रचना बदलल्यावर अडचण आली तर नवा फोटो विनातक्रार काढून द्या. दारावर दर वेळी अडवलं जाणं हाही अपमानच असतो.

अमेरिकी सैन्याचं उदाहरण इथे उपयोगी आहे, कारण ‘शिस्तीच्या जागी हे चालणार नाही’ असं म्हणणारे नेहमी भेटतात. मार्च 2014 च्या नियमांनी ट्विस्ट आणि लॉक्सवर बंदी घातली होती. काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय स्त्री सदस्यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं, त्याच वर्षी काही रचना मोकळ्या झाल्या, आणि जानेवारी 2017 मध्ये सैनिक स्त्रियांना लॉक्सचीही परवानगी मिळाली. बंदूक चालवणाऱ्या हातांना जे चालतं ते क्लायंटच्या बैठकीत न चालण्याचं कारण कोणी तरी सांगावं.

क्लायंटबद्दल व्यवस्थापक म्हणेल, ‘मला काही हरकत नाही हो, पण क्लायंट काय म्हणेल?’ अमेरिकी कायद्यात याला थारा नाही. धर्म, लिंग किंवा राष्ट्रीय मूळ यांच्या बाबतीत सातव्या प्रकरणात ‘कामाची खरी गरज’ नावाचा अपवाद आहे. वंशासाठी तो अपवाद ठेवलेलाच नाही. ग्राहकाची आवड हा बचाव होत नाही. क्लायंटकडून खरोखर असा शेरा आला, तर तो लेखी नोंदवा आणि वरिष्ठ पातळीवरून कळवा की आमच्या नियमांत हे बसत नाही. माणूस बदलून देऊ नका.

चौकशी छोटी आणि नेमकी ठेवा. व्यवस्थापकाच्या हाताखाली नसलेली, त्याच्याशी घरोबा नसलेली व्यक्ती ती करील. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं वर्तुळ लहान असतं, हा मुद्दा गंभीरपणे घ्या. बाईंना विचारायचं ते एवढंच: नेमके शब्द काय होते, कधी, कोणासमोर, आधी असं काही झालं होतं का, त्यानंतर कामात काही बदललं का, तुम्हाला काय व्हायला हवं आहे. केस खरे की लावलेले, किती दिवस ठेवणार, दुसरी रचना जमेल का, यातला एकही प्रश्न नको. व्यवस्थापकाला विचारा, की ‘प्रोफेशनल’ म्हणजे नेमकं कसं, आणि हे शब्द याआधी कोणाकोणाला वापरले. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर शांतता पसरते आणि निष्कर्ष तिथेच निघतो. पुरावे जपताना ईमेल आणि टीम्सबरोबर व्हॉट्सॲपही आलं. भारतीय टीम निम्मं बोलणं तिथेच करते, मराठीत किंवा हिंदीत, आणि ‘तिचे केस पाहिलेस का’ हा मेसेज खटल्यात मागितला गेला की भाषांतरासह न्यायालयासमोर जातो. दोन-तीन आठवड्यांत निष्कर्ष लेखी द्या. पुढचे किमान सहा महिने बाईंचं मूल्यांकन, कामवाटप, पगारवाढ कोणी तरी तटस्थ नजरेने तपासत राहा. मूळ शेऱ्यापेक्षा नंतरचा डूख महाग पडतो. मूळ तक्रार सिद्ध झाली नाही तरी सूडाचा दावा स्वतंत्रपणे टिकतो.

केसांना हात लावणं हा वेगळा परिच्छेद मागतो. ‘किती मऊ आहेत, बघू’ म्हणत हात पुढे करणं आपल्याकडे मायेचं मानलं जातं. तिथे, त्या इतिहासात, कृष्णवर्णीय स्त्रीच्या शरीरावर दुसऱ्याचा हक्क असल्यासारखं ते आहे, आणि वारंवार घडलं तर छळाच्या दाव्याचा भाग होतं. नियमावलीत एक ओळ पुरते: सहकाऱ्याच्या केसांना विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि हात लावू का असं विचारूही नये.

भरतीत मुलाखतीच्या गुणपत्रकातून ‘सादरीकरण’, ‘प्रेझेंटेबल’ हे रकाने काढा. संवादकौशल्य तपासायचं असेल तर तसं लिहा आणि त्याखाली उमेदवाराचं प्रत्यक्ष वाक्य किंवा उत्तर नोंदवायची सक्ती करा. पहिली चाळणी व्हिडिओऐवजी फोनवर घ्या. जोन्स यांना ज्या कामासाठी नाकारलं ते काम फोनवरचंच होतं, हे मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी सांगा.

हे उत्तर एखादी कर्मचारी वाचत असेल तर तिच्यासाठी मुदती. ईईओसीकडे तक्रार 180 दिवसांत, जिथे राज्याची स्वतःची यंत्रणा आहे तिथे 300 दिवसांत; त्यांचं परवानगीपत्र मिळाल्यावर न्यायालयात जायला 90 दिवस. सातवं प्रकरण पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीलाच लागतं. न्यू जर्सीत राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे 180 दिवसांत किंवा थेट न्यायालयात दोन वर्षांत जाता येतं, आणि तिथे कंपनीच्या आकाराची अट नाही. टेक्सासमध्ये राज्य आयोगाकडे 180 दिवस. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये राज्य यंत्रणेकडे तीन वर्षं. शब्द ऐकले त्याच दिवशी स्वतःच्या खासगी ईमेलवर तारीख, वेळ, उपस्थित माणसं लिहून ठेवा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं तिथे पाठवू नका. तक्रार लेखी करा आणि तिच्यात ‘वंश’ आणि ‘केस’ हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहा. नुसतं ‘व्यवस्थापक माझ्याशी नीट बोलत नाहीत’ असं लिहिलं, तर पुढे कंपनी म्हणू शकते की हा भेदभावाचा विषय आहे हे आम्हाला कळलंच नाही. बोलणं गुपचूप रेकॉर्ड करण्याआधी राज्याचा नियम पाहा. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सर्वांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे.

परत तुमच्या नियमावलीकडे. मजकूर बदलल्यावर जुनी प्रत कुठे कुठे उरली आहे ते शोधा: नोकरीच्या प्रस्तावपत्राची जोडपत्रं, क्लायंटच्या जागेवर पाठवताना देतात ती सूचनापत्रकं, कंत्राटी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला दिलेले निकष, नव्या माणसांसाठीची स्लाइड. बहुतेक ठिकाणी त्या स्लाइडवर सूटमधल्या, सरळ केसांच्या एका स्त्रीचा फोटो असतो आणि खाली ‘योग्य पेहराव’ असं लिहिलेलं असतं. तो फोटोही बदला.